आरोंद्याचं पेन

माघातल्या सकाळी वेंगुर्ल्यात काजूच्या मोहोराचा वास खाडीवरच्या वाऱ्याबरोबर थेट माजघरापर्यंत येतो, आणि पडवीत उतरणारं ऊन इतकं कोवळं असतं, की त्यात नुसतं बसून राहावं. त्या उन्हात माझा आबाकाका बसलेला असे. पाट उंबऱ्याशी ओढलेला, डोळ्याला भिंग, आणि हाताखालून येणारा एक अतिसूक्ष्म आवाज, उंदराच्या पिल्लाने सुपारी कुरतडावी तसा. कागदावर पसरलेल्या बारीक पुडीवर पेनाची निब घासली जाण्याचा तो आवाज. काका गेला त्याला आता वर्ष होईल. मोहोर यंदाही आला, ऊनही आलं. आवाज तेवढा नाही; तो काकाच्याही आधी थांबला होता, आणि त्या शांततेची मला अजून सवय झालेली नाही.

काका जहाजावर फिटर होता. अर्धा जन्म तेलात काढला नि उरलेला शाईत, असं काकी म्हणे. नोकरी संपवून गावी आला आणि जुनी फाउंटन पेनं दुरुस्त करण्याचा त्याला नाद लागला. हत्यार विकत आणणं त्याला कमीपणाचं वाटे. छत्रीची काडी ठोकून केलेलं पातं, निब उपटायला फणसाच्या लाकडाचा भोक पाडलेला ठोकळा, जबड्यांना सायकलची ट्यूब चढवलेली पकड. आणि भरतीने किनाऱ्यावर टाकलेलं समुद्रफेन, म्हणजे माकुलाच्या पाठीतलं ते पांढरं, हलकं हाड, कुटून निब घासायला वस्त्रगाळ केलेली पूड. "ह्येंचां लगीन पेनावांगडाच होवक व्हया होतां," काकी चहाचा कप आपटून म्हणे. काका मान वर न करता उत्तर देई, "पेन उलट बोलत नाय गो."

त्याची एक रीत होती. पेन घेऊन कुणीही येवो, तो पेनाकडे आधी बघतच नसे. माणसाच्या हाताकडे बघे. "धरून दाखय," एवढंच म्हणे. कुणाची बोटं टोकाशी आवळलेली, कुणाची सैल, कुणाचं मनगट आत वळलेलं. ते सगळं डोळ्यांत साठवून तो निब त्या हाताच्या कलाने घासून देई, शिंपी अंगाच्या मापाने कपडा बेततो तसं. लोक लिहून बघत आणि हरखून जात. या रीतीचा त्याला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही होता.

एकदा आरोंद्याहून मंदा नावाची एक बाई आली. चाळिशीची, मोजकं बोलणारी. पदराच्या टोकात गुंडाळलेलं हिरवट जुनं पेन तिने पुढे केलं. आतली शाईची रबरी पिशवी कडक होऊन चिरली होती. काकाने नेहमीप्रमाणे धरून दाखवायला सांगितलं, तिने धरून दाखवलं. त्याने पिशवी बदलली, लाख वितळवून बसवली, आणि निब तिच्या हाताला घासून दिली. पेन कुणाचं, हे ना त्याने विचारलं, ना तिने सांगितलं.

पेन न्यायला ती आली तेव्हा मी पडवीतच होते. तिने एक ओळ लिहिली आणि थांबली. मला वाटलं, शाई अडली. पण शाई पाण्यासारखी उतरत होती. उतरला होता तो तिचा चेहरा.

"काकानू," ती हळूच म्हणाली, "ह्यां आमच्या घोवाचां पेन. आदी ह्येंच्यासारख्या वाकडां धरल्याबिगर लिवतच नाय होतां. शाईत बुडवून लिवूक घेतलां, की माझो हात आपोआप ह्येंच्या हातासारखो वळायचो. आता कसांय धरा, लिवता."

नवरा गेल्यापासून ती रोज त्या पेनाने चार ओळी लिहीत होती. त्याच्या हाताची तेवढीच ओळख निबेच्या टोकावर उरली होती, आणि ती माझ्या काकाने, देवा, किती मायेने पुसून टाकली होती! काकाने डोळ्याचं भिंग उतरवून खाली ठेवलं. मग म्हणाला, "घासलेलां परत येणां नाय, बाय. पण ठेव. बघतंय."

तिने नवऱ्याच्या हाताची तऱ्हा करून दाखवली: मनगट बाहेर, पेन डावीकडे कललेलं, टोकावर जोर. काका तसं धरी, ती लांबून सांगे, "आजून थोडां... हां, तसांच." आणि मग तो अख्खा पावसाळा माझा काका एका अनोळखी माणसाचा हात आपल्या हातात उतरवत बसला. कागदावर बारीक पूड पसरून, त्या परक्या वळणाने, सकाळ-संध्याकाळ ओळींमागून ओळी. निब पुन्हा तशी झिजावी म्हणून. बाहेर कौलांवरून पागोळ्या गळत, काकी कप न आपटता चहा ठेवून जाई, आणि तो तसाच निवे. पण माणूस दुसऱ्याचं सोंग किती वेळ आणणार? दोन ओळींत मनगट आपल्या मूळ वळणावर येई. जित्याची खोड म्हणतात ती हातालाही असते.

गणपती पोचवल्यावर मंदा आली. तिने डोळे मिटून पेन धरलं, सावकाश लिहिलं, आणि डोळे उघडून ओळीकडे पाहत राहिली.

"ह्यां तुमचां झालां, काकानू."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. पेन पदरात गुंडाळून ती निघून गेली. त्यानंतर काकाने पिशव्या बदलल्या, टोपणं बसवली, पण निबेला हात लावला नाही. "सोड ना आता," मी एकदा म्हटलं. "इचारूक व्हया होतां गो," एवढंच तो म्हणाला, आणि हे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला.

काका गेल्यावर मी घरभर त्याचं अक्षर शोधलं. काही नाही. स्वतःचं असं पेन त्याने कधी ठेवलंच नाही. खिशात असे ते साधं बॉलपेन, आणि दुसऱ्यांची पेनं चालवून पाहिलेले कागद काकीने चुलीत घातलेले. त्याच्या हाताचं वळण आज या जगात एकाच ठिकाणी आहे: आरोंद्यात, एका बाईच्या घरी, जिथे ते नको आहे. मागावं असं फार वाटतं. पण कुठल्या तोंडाने मागू? पेन तर तिच्या नवऱ्याचं आहे. ती तिथे एका हाताला शोधत असेल आणि तिला माझा काका सापडत असेल. मी इथे काकाला शोधते आणि मला कुणीच सापडत नाही. गेलेल्या माणसाचं काही ना काही मागे राहतं, हे खरं. पण ते ज्याला हवं त्याच्याच दारी ठेवावं, एवढी कणव काळाला नसते.