सत्यबाण महाराजांची गोधडी

लिंबू फुटलं की अख्खं मैदान महाराजांचा जयजयकार करायचं. लिंबू वाचलं की त्याहून मोठ्याने करायचं, कारण लिंबू वाचलं याचा अर्थ चेटकीण सापडली. लोकांना फुटलेल्या लिंबापेक्षा सापडलेली चेटकीण जास्त आवडते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा आलेली शिसारी अजून गेलेली नाही.

एक्क्याऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात खाडीतले मासे मरून वर येत होते. एका कारखान्याच्या नाल्यातून तांबडं पाणी खाडीत उतरत होतं आणि बायका नाकाला पदर लावून त्याच्याच कडेने ये-जा करत होत्या. तरीही गावकीने ठरवलं की कोणीतरी खाडीवर करणी केली आहे. ती बाई शोधून काढायला हे सत्यबाण महाराज आणले होते.

महाराजांचं दैवत म्हणजे छऱ्याची एक जुनी बंदूक, जत्रेत फुगे फोडायला असते तसली. नळी बिजागरीवर वाकवून छरा घालायचा, नळी सरळ करायची, चाप दाबला की पोटातली दाबलेली स्प्रिंग सुटते आणि हवेच्या जोराने छरा उडतो. हिला शेंदूर फासून हार घातला होता. समोर लाकडी फळी, फळीपुढे दोऱ्याला लिंबू. बंदूक एका उंच पाटावर टेकवून नेम महाराज लावून देत, समोरच्याने फक्त चाप दाबायचा.

"नेम लावणारा मी नाय, वरचा हाय," महाराज सांगत होते. "ही गन लंकेच्या लोखंडाची. पापी बोट लागलं की छरा लाजतो, बाजूला सरकतो. एकदम गॅरंटी. निष्पाप माणसाने टेन्शन घ्यायचं नाय."

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि कॉलेजात असताना रायफल क्लबात असल्याच बंदुकीवर हात बसवला होता. लाजणारा छरा मला नवीन होता. निर्लज्ज माणूस मात्र समोरच बसला होता.

आधीच्या बैठकीत जाईबाईचं लिंबू वाचलं होतं. ती विधवा. गावकीने तिच्या घराला कुलूप लावून तिला माहेरी हाकललं. आज पाळी गोजराची होती. तीही विधवा, एकटी खाडीत उतरून कोलंबी धरणारी. लिंबू फुटलं नाही तर तिचंही घर जाणार होतं, आणि त्या घराला टेकून ज्यांचं घर होतं ते तिचे दीर पहिल्या रांगेत बसले होते.

मी पुढे झाले आणि म्हटलं, "बंदूक मी तपासणार."

"तपासा ना, बाई." महाराज हसले.

मी लाकडी दस्त्याचे स्क्रू पाहिले. ते ढिले असले की नेम बिघडतो, पण घट्ट होते. नळी बिजागरीपाशी हलत नव्हती. नेम धरायची खूण सरळ होती. छरे चेपलेले नव्हते. मी बंदूक खाली ठेवली.

"गनमध्ये खोट नाय, बाई. खोट मानसात असते," महाराज म्हणाले.

लोक हसले. गावकीचे पुढारी चांगदेव पाटील म्हणाले, "बाई, शिकवाचा तं शालंत शिकवा."

मी फळीपाशी गेले. चुकलेल्या छऱ्यांची भोकं, जाईबाईचं आणि आधीच्या गावांतली, लिंबाच्या वीतभर वर एकमेकांना चिकटून होती. पापी हात थरथरला असता तर भोकं फळीभर विखुरली असती. बंदूक दर वेळी तशीच आणि तिथेच चुकत होती, म्हणजे तिला कोणीतरी चुकवत होतं.

वळून पाहिलं तर महाराज गोजरासाठी तयारी करत होते. पाटावर घडी घातलेली जाड गोधडी होती, ती त्यांनी काढली आणि बंदूक उघड्या लाकडावर टेकवली.

"गोधडी का काढली?"

उत्तर शेजारच्या वेणूबाईने दिलं, लहान मुलाला समजवावं तसं. "रांडाव बाईला गादी नाय चालत, बाई."

पुरुषांना आणि सवाष्णींना गोधडी, विधवेला उघडा पाट. घरोघरी तसंच असल्यामुळे ते कोणाच्या नजरेत आलं नव्हतं. महाराजांनी गावाचा किळसवाणा रिवाज तेवढा कामाला लावला होता.

"पाटील, उघड्या पाटावरून तुम्ही मारा," मी म्हटलं.

"मी कशाला?"

"निष्पाप माणसाने टेन्शन घ्यायचं नाही ना?"

आता पाटलांना मागे सरता येईना. नेम मी लावला, पाटलांनी चाप दाबला. छरा लिंबाच्या वीतभर वर, त्याच भोकांत गेला. मी बंदुकीखाली गोधडी घातली, पुन्हा तसाच नेम लावला, पाटलांनी चाप दाबला आणि लिंबाचा रस फळीवर उडाला.

"स्प्रिंग सुटली की छरा नळीबाहेर पडायच्या आतच बंदूक उडी मारते," मी मोठ्याने सांगितलं. "गोधडीत ती उडी जिरते. कठीण लाकडावर बंदूक वर उसळते आणि छराही वर जातो. यांनी नेमाची खूण गोधडीवर जुळवून ठेवली आहे. पुण्य गोधडीत होतं आणि पाप पाटात."

महाराज पिशवी आवरायला लागले तेव्हा चार जणांनी त्यांची मानगूट धरली. मघाशी त्यांच्या पाया पडणारेच ते चार. मला वाटलं, गोजरा सुटली. तेवढ्यात गोजराचा थोरला दीर उठला.

"मंग आता गोजराला गोधरीवरून मारू द्या. खरा न्याव व्हईल."

आणि लोकांनी माना डोलावल्या. पाटलांनीही.

गोजरा उभी राहिली.

"मी नाय मारनार. बंदूक दुसऱ्याची, नेम दुसऱ्याचा, मंग पाप माजा कसा? माज्या घरात मी ऱ्हानार. कोनाला भायेर काराचा आसंल त्यानी मना हात लावून काराचा."

ती गर्दीतून सरळ चालत गेली. कोणी तिला अडवलं नाही आणि कोणी तिची माफीही मागितली नाही.

म्हणून वाचकांना सांगते. बुवाची बंदूक तपासा, पाट तपासा, नाल्याचं पाणी तर तपासाच. पण चाचणी चोख निघाली म्हणून एखाद्या बाईला त्या चाचणीपुढे उभं करू नका. मासे का मेले हे ठरवायला गोजराचं बोट चापावर ठेवायची गरजच नव्हती.