गुणवंतरावांची शिकवणी

गुणवंतराव तंबाखूचं पान खात आणि मैदानाच्या चुन्याच्या रेघेवरच थुंकत. चंदाला पहिल्याच दिवशी किळस आली.

सागवानाच्या एका ठेकेदाराचा डेपो आलापल्लीच्या रस्त्यावर होता. गुणवंतराव तिथले मॅनेजर आणि चंदाचा नवरा सोमाजी त्यांच्या हाताखाली लाकडांचा हिशेब ठेवणारा मुनशी. लग्न होऊन ती मूल गावाहून आली त्याच हिवाळ्यात गुणवंतरावांनी नागपूरहून बॅडमिंटनचं सामान मागवलं. "नवा जमाना आहे, बायकांनीही खेळलं पाहिजे," म्हणाले, आणि शिकवायला पहिलं नाव चंदाचं घेतलं. सोमाजीचा ऊर भरून आला. मोठ्या मुनशीची जागा रिकामी होती.

खेळ चंदाला आवडला, हे खरं. रॅकेटचा दांडा कुऱ्हाडीसारखा धरायचा, कड खाली. सर्व्हिस करताना पिसांचं फूल कमरेखालून मारायचं. डोक्यावर आलेलं मागच्या रेघेपर्यंत उंच टोलवायचं, नाहीतर जाळीपाशी अलगद टाकायचं. सगळं तोंडानं सांगून कळण्यासारखं होतं. पण गुणवंतराव पाठीशी येऊन उभे राहत, तिचं मनगट धरत आणि सोडतच नसत. घामट, गार हात. मानेवर तंबाखूचा श्वास. "सैल सोडा, चंदाबाई, सैल," ते कानाशी म्हणत. बाकावर बसलेला सोमाजी हसून मान डोलवी.

घरी आल्यावर तिनं राखेनं मनगट घासलं. चामडी लाल झाली तरी तो चिकटपणा जाईना.

"तुमच्यासमोर तो मानूस माह्या हाताले झोंबते," ती म्हणाली. "तुमाले दिसत नाई काय?"

सोमाजी जेवत होता. "शिकवाले हात लावाच लागते. काऊन येवढं मनाले लावून राह्यली तू? मोठा मुनशी होऊ दे मले, मंग नको खेळू."

म्हणजे त्याला दिसत होतं. चंदानं त्याच्या भात कालवणाऱ्या बोटांकडे पाहिलं आणि तिला त्याचीही किळस आली. गुणवंतरावांची किळस अंगाला लागली होती. ही त्याहून आत शिरली.

दुसऱ्या संध्याकाळी डेपोतली माणसं खेळ पाहायला जमली होती. दवाखान्यातली नर्स नीलाबाईही आली होती. नागपूरला असताना ती हा खेळ शिकली होती. गुणवंतराव रॅकेट घेऊन पाठीशी येऊ लागले तशी चंदा बाजूला झाली.

"भाऊ, आज पह्यले यायले शिकवा," तिनं सोमाजीकडे बोट केलं. "मले शिकवता तसंच. मागं उभं राहून, हात धरून."

कुणीतरी फिसकन हसलं. सोमाजी ओशाळून उठला, रॅकेट घेऊन उभा राहिला. गुणवंतराव मात्र जाळीच्या पलीकडेच थांबले. "कोपर वर घ्या, सोमाजी. हं. आता मारा." लांबूनच.

"याले हात नाई लागत काय, मॅनेजरभाऊ?" नीलाबाईनं मोठ्यानं विचारलं.

आता सगळेच हसले. गुणवंतराव तोंडातलं पान तसंच घेऊन ऑफिसात निघून गेले.

जाळी दुसऱ्या दिवशी उतरली. मोठ्या मुनशीची जागा दुसऱ्याला मिळाली.  त्या रात्री सोमाजी म्हणाला, "माह्या तोंडाले काळं फासलं तू."

"तुमचं तोंड मले त्या दिवशी बाकावरच दिसलं," चंदा म्हणाली.

नीलाबाईजवळ स्वतःच्या दोन जुन्या रॅकेटी होत्या. दवाखान्यामागं मोहाच्या दोन झाडांना दोर बांधून दोघी खेळू लागल्या. नीलाबाई दोराच्या पलीकडून नुसतं ओरडे, "मनगट सैल!" आणि चंदाचं मनगट सैल होई. उलट्या हातानं मारताना अंगठा दांड्याच्या पाठीला टेकवायचा, हे तिला एका संध्याकाळीच जमलं. उंचावरून सपकन मारायला मात्र वेळ लागला. फूल दोरात जाई, नाहीतर झुडपात.

सोमाजी कधीमधी कुंपणापाशी येऊन थांबे. एकदा म्हणाला, "मीबी खेळू काय?"

चंदा सर्व्हिस करायच्या बेतात होती. त्याच्या तोंडावर तेच बाकावरचं हसू होतं. 

"नाई," ती म्हणाली, आणि फूल मारलं.