बाविसावा मुक्काम

“बसल्या जागी न्हाय आठवत, बाय. पाय हालल्याबिगर डोकं हालत न्हाय माजं. उठा, चला,” म्हणत म्हाळसाबाई ओसरीवरून उठलीसुद्धा.

रतनने वही काखेत मारली, पेन्सिल अंबाड्यात खोवली आणि झुंबरच्या कमरेला बांधलेली जुन्या लुगड्याची पट्टी आपल्या मनगटाला गुंडाळली. कालव्याच्या भरावावरून पाच वर्षांच्या पोरीला अशी बांधून नेणारी आई साऱ्या लासुर्ण्यात ही एकटीच. धुणं धुणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

“शेरडाला बी येवढं दावं नसतंय,” म्हाळसाबाई म्हणाली. “मोकळी सोडा की तिला.”

“पाणी खोल आहे, आजी.”

“तिला बी डोळं हायती. तिलाबी दिसतंय.”

रतनने पट्टीला आणखी एक वेढा दिला.

तिचे यजमान कुंडलिकराव कालव्यावर ओव्हरसियर होते. लग्न होऊन रतन पुण्याहून या सरकारी दोन खोल्यांत आली तेव्हा तिच्याबरोबर इंटर पास झाल्याचा कागद होता, पुस्तकांची एक ट्रंक होती आणि त्या ट्रंकेत तळाशी कॉलेजातला नकाशांचा जाडजूड संग्रह होता. जगातल्या नद्या तिला उगमापासून मुखापर्यंत पाठ होत्या. प्रत्यक्षात मात्र पुणे ते लासुर्णे याच्यापलीकडे ती गेली नव्हती. झुंबर झाल्यापासून तर बारामतीचा बाजारही तिला दूर वाटे. वाटेत ताप आला तर? मोटार बिघडली तर? श्रीवर्धनला दिलेली तिची मैत्रीण द्वारका दर दिवाळीला पत्र टाकी, ‘समुद्र बघायला ये.’ आणि दर दिवाळीला रतन उत्तर लिही, ‘झुंबर जरा मोठी होऊ दे.’

म्हाळसाबाई रोज सकाळी झुंबरसाठी शेळीचं दूध घेऊन यायची. एकदा ती आली तेव्हा ओसरीवर नकाशा उघडा होता आणि झुंबर निळ्या रंगावर बोट ठेवून विचारत होती, “आई, समुद्र कसा असतो?”

“मोठा असतो. खूप मोठा.”

“तू बघितलास?”

इंटर पास रतनने नकाशाचं पान उलटलं. तेव्हा उंबऱ्यापाशी दूध ओतता ओतता म्हाळसाबाई सहज बोलून गेली, “म्या बगितलाय की. खारट असतोय. मेंढरं तोंड लावीत न्हायत. पोटात घ्यायच्या कामाचा न्हाय, पन बगायला लई ग्वाड.”

त्या दिवसापासून त्या घरातला भूगोल बदलला.

म्हाळसाबाई पस्तीस वर्षं कोकणात उतरली होती. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, मेंढरं पुढे घालायची, मोरगाव, सासवड, भोर असं करत वरंधा घाट उतरायचा आणि भाताच्या कापल्या खाचरांत कळप बसवत बसवत समुद्रापर्यंत जायचं. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळे, रानाचा धनी भात देई. एकतीस मुक्काम. गेल्या साली तिच्या मुलानं, बिरूनं, मेंढरं विकली आणि तो साखर कारखान्यात लागला. चराऊ रानं उसाखाली गेली होती, त्याचं तरी काय चुकलं? पण म्हाळसाबाई एक वर्ष घरी बसली आणि तिचे मुक्काम गळायला लागले. “मोत्यांची माळ तुटल्यावानी व्हतंय, बाय. काल दोन सापडंनात. तुमी शिकलेल्या. ल्हिवून ठिवा.”

म्हणून रोज उन्हं कलली की ही वरात भरावावरून निघे. पायांखाली वाट सरकायला लागली की म्हाळसाबाईच्या तोंडून मुक्काम बाहेर पडत.

“अकरावा, प्रयागबाईच्या हिरीवर. तिची सून बाळंत व्हती, म्या शेक दिला.”

“गावाचं नाव काय, आजी?”

“गाव घिऊन काय करता? प्रयागबाई हाय की.”

“अहो, नकाशावर प्रयागबाई कशी सापडेल?”

“मग कसला वो तुमचा नकाशा!”

झुंबर खदखदून हसली. रतनने निमूट लिहिलं : ११. प्रयागबाईची विहीर.

अशी वही भरत गेली. बाराव्यावर घोडा हरवला होता. सतराव्यावर आबासाहेब नावाच्या रानमालकाने भात मोजून दिल्यावर वर ओंजळभर जास्त घातला होता. एकविसावा घाटमाथ्यावर, गार वाऱ्याचा. आणि एका संध्याकाळी, मैलाच्या दगडापाशी, बाविसावा म्हणता म्हणता म्हाळसाबाईचे पाय थांबले.

“बाविसावा?” रतनने पेन्सिल सरसावली.

“घाटात. वाकड्या जांभळाखाली.” एवढं बोलून ती खालीच बसली. पाण्याकडे बघत म्हणाली, “माजा गेणू तितं हाय. चालाय लागला व्हता नुकता. तापानं गेला. घाटात चारा न्हाय, कळप थांबतोय व्हय? उजाडताना पुरला आन् निगालो. समिंदर नऊ मुक्कामांवर व्हता, बाय. त्याला म्हनलं व्हतं, तुला समिंदर दावते.”

रतनचा हात आपसूक पट्टीवर गेला.

“दर साली हितला योक दगड न्यायची. घरचा. त्याच्या उशाला ठिवायची. चौतीस झालं. गेल्या सालचा ऱ्हायला.” तिने डोळे पुसले नाहीत, नुसता पदर सारखा केला. “फुडचं मुक्काम मागनं सांगन.”

पण पुढचे मुक्काम आलेच नाहीत. दूध यायचं, गप्पा व्हायच्या, भरावावर जायचं नाव निघालं की म्हाळसाबाईचा गुडघा दुखायचा. वही बाविसाव्यावर अडली.

यंदा द्वारकाचं पत्र दिवाळी उलटून पौषात आलं. रतनने ते तीनदा वाचलं आणि रात्री वाढता वाढता यजमानांना म्हणाली, “श्रीवर्धनला जायचं म्हणते.”

कुंडलिकरावांचा घास हातात राहिला. “तू? झुंबरला घेऊन? घाटातून?”

“हो. आणि तुम्ही हसू नका.”

निघायच्या दिवशी म्हाळसाबाईने कालव्याच्या काठचा मुठीएवढा दगड आणून तिच्या हातावर ठेवला. “तुम्हीही चला, आजी,” रतन म्हणाली.

“मोटारीतनं? मोटारीतनं मला काय दिसनार? तुमी जावा.”

तिचं खरं होतं. पायी महिन्याभराची वाट एस. टी.ने दोन दिवसांत गिळली. अकरावा मुक्काम कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. घाटात गाडी वळणावर वळणं घेऊ लागली तशी रतन एका हाताने झुंबरला कवटाळून आणि दुसऱ्या हातात वही धरून खिडकीबाहेर बघत राहिली. जांभळी शंभर होत्या आणि निम्म्या वाकड्या होत्या.

“कंडक्टर, जरा थांबवता का? एक दगड ठेवायचा आहे.”

“काय ठेवायचाय?” तो चकित झाला. मग तिचा चेहरा बघून हळू आवाजात म्हणाला, “ताई, उतार आहे. इथं गाडी थांबवली तर सगळेच खाली जाऊ.”

झुंबरची राजगिऱ्याची वडी संपायच्या आत घाट संपला. परत येतानाही तेच झालं.

लासुर्ण्याला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी म्हाळसाबाई दूध घेऊन आली. लोटा खाली ठेवून उभीच राहिली.

“ठिवला?”

गाडीतल्या दोन दिवसांत रतनने ‘ठेवला’ असं म्हणायची तयारी केली होती. पण ते डोळे समोर आल्यावर जीभ वळेना. तिने पिशवीतून दगड काढला. “गाडी थांबली नाही, आजी. जाताना नाही, येताना नाही. मला ते झाड ओळखताच आलं नाही.”

म्हाळसाबाईने मान हलवली. हात मात्र पुढे केला नाही.

“मी नेला होता त्याला,” झुंबर मध्येच म्हणाली. “समुद्रात. हातात धरून. एवढी मोठी लाट आली आजी, मी भ्यायले. गेणू नाही भ्यायला.”

“कुणी धरलं व्हतं तुला?” म्हाळसाबाईने विचारलं.

“कुणी नाही. आई लांब उभी होती. पट्टी घरीच राहिली.”

म्हाळसाबाईने रतनकडे पाहिलं. रतनने खाली.

मग म्हातारीने दगड घेतला. त्याच्या खाचांतून पांढुरका थर वाळला होता. तिने तो उजेडात फिरवून पाहिला, अंगठ्याने चाचपला आणि हलकेच जिभेला लावला.

“खारट हाय,” ती म्हणाली.

दगड पदराच्या टोकाला बांधून तिने गाठ दोनदा ओढून पाहिली आणि चप्पल पायात सरकवली. संध्याकाळ व्हायला अजून सगळा दिवस होता.

“वही घ्या, बाय,” पायऱ्या उतरता उतरता ती म्हणाली. “तेविसावा सांगायचा ऱ्हायलाय.”