योग्य दाता

रक्ताच्या नात्यापुढे एक किडनी म्हणजे काहीच नाही, असं धाकट्याने सगळ्या घरासमोर जाहीर केलं. मोठ्या भावाच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते, बायका डोळे पुसत होत्या, आणि आपल्याला कुणीतरी अडवेल अशी धाकट्याला खात्री होती. कुणी अडवलं नाही. उलट काकांनी पाठ थोपटली, तीही नेमकी किडनीच्या जागी.

तेव्हापासून त्याला घास गोड लागेना. बोलून बसलो खरा, पण पोट आपलं होतं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्याच्या बायकोला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"तुमच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय, पण मी उघडला नाही. आमच्याकडे आधी माणसाला विचारतात, मग रक्ताला. मनापासून द्यायचीय?"

"म्हणजे काय, सख्खा भाऊ आहे."

"ते मी विचारलं नाही."

धाकट्याने भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. चित्रातली किडनी चांगली तुकतुकीत होती, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी होती.

"नाही," तो म्हणाला. "भीती वाटते. पण आता बाहेर तोंड कसं दाखवू?"

"तुम्ही योग्य दाते नाही, एवढंच मी बाहेर सांगेन. का नाही, ते आम्ही कुणालाच सांगत नाही."

"माझ्यासाठी खोटं बोलणार तुम्ही?"

"खोटं कसलं? ज्याला द्यायची नाही, तो योग्य दाता नसतोच."

पन्नाशीच्या माणसाने डॉक्टरच्या पाया पडावं की नाही, हे त्याचं ठरेपर्यंत बाईंनी दार उघडलंसुद्धा.

बाहेर त्याने चेहरा पाडला. मग तोच पडलेला चेहरा सांभाळत डायलिसिसच्या खोलीत गेला. मशीनला जोडलेला दादा पडून होता, उशाशी वहिनी सफरचंद कापत होत्या.

"दादा, नाही म्हणाल्या रे. योग्य दाता नाही म्हणे मी."

दादानेही चेहरा पाडून पाहिला, त्याला जमलं नाही. "सुटलो बाबा."

"म्हणजे?"

"कॉलेजात असताना तू मला आठवडाभर सायकल दिलीस. घरातल्या प्रत्येक लग्नात अजून ऐकतोय. किडनी घेतली असती, तर तू मला साधं पाणी सुखाने पिऊ दिलं नसतंस."

"मग नको म्हणायचंस की."

"तू एवढा उदार झालेला. तोंड कसं दाखवलं असतं मी?"

"झालं दोघांचं?" वहिनी म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून सांगतेय, माझी तपासा म्हणून. पण तुमचं बंधुप्रेम ओसंडत असताना माझं कोण ऐकतंय?"

"तू ऐकवशील आयुष्यभर," दादा म्हणाला.

"ते मी फुकटही ऐकवतेच."

दोघे भाऊ किती तरी दिवसांनी एकदम हसले. मशीन शांतपणे आपलं काम करत राहिलं.

वहिनींची किडनी जुळली, बसली आणि उत्तम चालतेय.

धाकट्याचा रिपोर्ट डॉक्टरबाईंनी त्याच दुपारी उघडला होता. रक्तगट जुळत नव्हता.