पाठ धुतलेले दगड

रुपीबाईनं दगड धुतले. थोडेथोडके नाही, ट्रॉलीभर! तळहाताएवढे, दोन बोटं जाड, खाणीच्या भुकटीनं पांढरेफटक पडलेले. भाऊ सुनीलच्या घराच्या पुढच्या भिंतीवर ते चिकटवायचे होते. दिग्रसजवळच्या त्या तांड्यात असली दगडी भिंत अजून कोणाची नव्हती. सुनीलच्या पोराचं, इंद्रजीतचं, लग्न ठरत होतं आणि पोरीकडचे घर पाहायला येणार होते.

"बाई, दगडाचं तोंड कसं का असेना," नागोराव मिस्त्री म्हणाला होता, "पाठ साफ पाह्यजे. पाठीले भुकटी राह्यली का सिमेंट धरत नाही."

झालं! बाईनं ते असं मनावर घेतलं की विचारू नका. तारेच्या ब्रशनं आठ दिवस एकेक पाठ घासली. बोटांची सालटं निघाली, पण भावाची भिंत म्हटल्यावर तिला कसलं दुखणं!

त्या भिंतीला दारं दोन. एक सुनीलचं आणि त्याच्या बायकोचं, बबिताचं, एक रुपीबाईचं. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा रुपीबाई माहेरी परतली. बाप शंकरसिंग तेव्हा होता. त्यानं स्वतः पहार घेतली, पुढची भिंत फोडली आणि कडेच्या खोलीला रस्त्याकडून दार काढून दिलं. "कोणाच्या चुलीपुढून ये-जा करू नोको," म्हणाला. "तुह्यं दार, तुही कडी." वीस वर्षं ती त्या दारातून मान वर करून शेतात गेली, बाजाराला गेली. बाप गेला, पण दार होतं.

म्हणून तर धुता धुता तिनं मधासारख्या रंगाचे दगड वेगळे काढले, पोत्याखाली झाकून ठेवले. "हे माह्या दाराच्या भवताल लावजा," तिनं नागोरावला बजावलं. सुनील तिथंच उभा होता. हसला. वर म्हणतो कसा, "बाई, तू पोहरादेवीले जाऊन ये ना रामनवमीले. चार दिवस राह्य आरामात. थकून गेली तू."

किती गहिवरली ती! भावाला आपली काळजी आहे म्हणून एसटीत बसल्या बसल्या डोळे पुसले हो बाईनं.

पाचव्या दिवशी दुपारी परतली. हातात प्रसादाची पिशवी, कपाळावर भंडारा. अंगणात आली आणि जागच्या जागी थिजली. भिंत सुरेख झाली होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. दार एकच होतं.

तिला आधी वाटलं, उन्हानं डोळे फिरले. मग मधाच्या रंगाचे दगड दिसले. पोत्याखाली ठेवलेले, तिनं निवडलेले. तिच्या दाराच्या भवताल नाही, विटांनी बुजवलेल्या दाराच्याच जागी, उंबऱ्यापासून वरपर्यंत.

"सुन्या! माह्यं दार कुठी हाय?"

सुनील बाहेर आला, टॉवेलनं मान पुसत. "वरडू नोको बाई. सोयरे काय म्हणतीन? पुढून दोन दारं दिसली का लोक समजतात घर फुटलं, वाटणी झाली. तुह्या खोलीले बबिताच्या सैपाकघरातून दार काढलं. घरच्यासारखी आतून ये-जा कर."

"घरच्यासारखी? मंग आजपर्यंत मी कोण होतो रे? आन् विचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं तर तू हो म्हटलं असतं काय?"

केसानं गळा कापला भावानं, आणि वर हा जाब! देवदर्शनाचं नाव करून घालवलं तिला, कपटी मेल्यानं!

नागोराव कोपऱ्यातले बांबू सोडत होता. त्यानं मान खाली घातली. "मले सांगतलं का बाईनंच बंद कराले सांगतलं म्हणून."

रुपीबाईनं त्याच्या पाटीतली छन्नी-हातोडी उचलली. कोणी अडवायच्या आत मधल्या दगडावर घाव घातला. दुसरा घातला, तिसरा. टवका उडाला, दगड हलला नाही. फटीत छन्नी घालायला जागा नव्हती. ती घामाघूम झाली, रडू लागली, तरी घाव घालत राहिली.

"नाही निंघत बाई," नागोराव हळूच म्हणाला. "पाठ लय साफ होती."

तिनं हातोडी खाली ठेवली. स्वतःच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. एवढ्यातल्या एका जरी दगडाची पाठ आळस करून तशीच सोडली असती!

सुनीलनं तिची पिशवी उचलून आत नेली. जायचं कुठं? तीही मागोमाग गेली, बबिताच्या चुलीपुढून, अंग चोरून.

सकाळी नेहमीसारखी उजाडताच उठली. तांब्या घेतला आणि सवयीनं रस्त्याकडच्या भिंतीशी गेली. नव्या सिमेंटवर हात टेकला. मग वळली, सैपाकघराचं दार ढकललं. उघडेना. बबितानं मांजर दुधात तोंड घालतं म्हणून तिकडून कडी लावून घेतली होती.

बापाच्या घरात रुपीबाईनं आयुष्यात पहिल्यांदा दार वाजवलं.

आतून बबिताचा आवाज आला, "कोण होय?"