डागाच्या हातातली पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी काळी काच आहे. चष्म्याची नाही आणि खिडकीचीही नाही. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे फिरवून बसवतात ना, ती. मला फिल्टर म्हणतात. माझं सगळं आयुष्य गोंधळात गेलं, आणि तो गोंधळ अजून पुरता निवळलेला नाही. तेव्हा सांगताना कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

गोंधळ जन्मापासूनचाच. कारखान्यात माझ्या शेजारी तयार होणाऱ्या काचा इतक्या स्वच्छ, की त्यांच्यातून पलीकडच्या कामगाराची मिशी दिसायची. मला मात्र मुद्दाम काळं केलं. घासलं, पुसलं, भोवती धातूचं कडं चढवलं. तपासणाऱ्या बाईंनी मला खिडकीसमोर धरलं आणि म्हणाल्या, "वा! काही म्हणता काही दिसत नाही." आणि मी पास झाले. काही दिसत नाही म्हणून कौतुक झालेली काच तुम्ही कधी ऐकली आहे का?

एका फोटोग्राफरने मला विकत घेतलं. तो डोंगर, तळी, ढग यांचे फोटो काढून एका छापखान्याला कॅलेंडरसाठी देत असे. छापखान्याच्या मालकांची अट एकच होती, फोटोत माणूस नको. तो कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा, समोरचं दृश्य नीट जुळवायचा आणि मग मला बसवायचा, कारण एकदा मी बसले की त्यालाही काही दिसत नसे. मी उजेड अडवून धरायचे, त्यामुळे कॅमेऱ्याला आपला डोळा पुष्कळ वेळ उघडा ठेवावा लागायचा. तेवढ्या वेळात जे हलेल ते विरून जायचं. लाटांचं धुकं व्हायचं, ढग लांबच लांब ओढले जायचे, आणि चालणारी माणसं तर फोटोत उरतच नसत. मी त्यांना समोरून जाताना पाहिलेलं असे. घरी संगणकावर फोटो उघडला की तळ्याचा काठ ओस पडलेला! मला भास होतात की काय, असं वाटून मी घाबरून जायचे.

फोटोग्राफरची आई नेहमी त्याच्याबरोबर यायची. हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि वारा सुटला तर म्हणून लेकाचा स्वेटर. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "मी इथे फिरू का रे? का तुझ्या त्या कॅमेऱ्याच्या डब्यात शिरले म्हणून ओरडशील?"

"फीर गं खुशाल. फक्त थांबू नकोस. चालत राहिलीस की तू फोटोत येतच नाहीस."

"हे बरंय. घरातही माझं तेच आहे," ती म्हणाली आणि पिशवी हलवत दगडी काठावरून चालू लागली.

तो हसला. तो विनोद होता की तक्रार, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. मात्र त्या दिवसापासून ती प्रत्येक फोटोत चालत राहिली आणि एकाही फोटोत आली नाही. कॅलेंडरं छापली गेली. लोक म्हणायचे, काय शांत जागा आहे! ती जागा शांत मुळीच नव्हती. आई सारखी बोलत असायची, बदकांशीसुद्धा.

मग तो दिवस आला. आकाशात छान ढग होते. फोटोग्राफरने मला बसवलं, बटण दाबलं आणि नेहमीसारखी घड्याळावर नजर खिळवली. समोर मी एकटीच बघत होते. आई चालता चालता काठाच्या कठड्यापाशी थांबली. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात पिशवी. बराच वेळ थांबली. मला वाटलं, विसरली वाटतं थांबायचं नाही ते. मी हाक तरी कशी मारणार?

घरी फोटो उघडला तर पाण्याच्या कडेला एक करडा, पुसट डाग. "फिल्टर घाण झालाय," असं म्हणून तो मला खसाखसा पुसू लागला. तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"आज मी मधेच थांबले होते रे. जरा दम लागला."

"हं," तो म्हणाला. त्याचं सगळं लक्ष माझ्यात होतं.

मी स्वच्छच होते, मित्रांनो! त्याने मला उलटं केलं, उजेडात धरलं, फुंकर मारली. डाग सापडेना. शेवटी वैतागून त्याने संगणकावर डागाच्या जागी शेजारचं पाणी आणून चिकटवलं. तो फोटो कॅलेंडरच्या पहिल्या पानावर छापला गेला. माझी रवानगी ड्रॉवरमध्ये, संपलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी झाली. माझं चुकलं काय, याचा विचार करून माझं डोकं पिकलं. ड्रॉवर उघडा राहिला की बाहेरची खोली दिसायची, एवढाच काय तो विरंगुळा.

त्या फटीतूनच मला कळलं, की आई गेली. घरात माणसं आली नि गेली. भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता. फोटोग्राफरची बायको म्हणाली, "अहो, घरात ढगांचे ढीगभर फोटो आहेत. आईंचा एक नाही?"

तो संगणकापुढे बसून जुन्या सहलींचे न सुधारलेले मूळ फोटो एकेक उघडू लागला. आई प्रत्येक सहलीला होती. एकाही फोटोत नव्हती. "मीच तिला सांगितलं थांबू नकोस म्हणून," तो म्हणाला. नंतर त्या ढगांच्या दिवसाचा फोटो आला. तो पुढे जाणार, इतक्यात त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, थांब. हे काय आहे?"

"डाग आहे तो. फिल्टर खराब होता."

"डागाच्या हातात पिशवी कशी असेल?"

त्याने फोटो मोठा केला. चेहरा नव्हता, पदर की वारा ते ओळखू येत नव्हतं. पण कठड्यावर टेकलेला हात होता, आणि पिशवी होती. "ती सांगत होती मला," तो म्हणाला. "दम लागला म्हणून सांगत होती. मी काच पुसत बसलो होतो." आणि तो टेबलावर डोकं ठेवून रडला. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला. एका डागासाठी माणूस आधी चिडतो आणि नंतर रडतो, हे पाहून मी पार चक्रावून गेले.

तोच फोटो भिंतीवर लागला. पुढे एकदा त्याने ड्रॉवर उघडला आणि मला सावकाश, मऊ कापडाने पुसलं. सगळे तळ्यावर गेले. बायकोला आणि मुलीला त्याने त्याच कठड्यापाशी उभं केलं. "थांबा हं. हलू नका," म्हणाला, बटण दाबलं आणि घड्याळ खिशात घालून स्वतःही त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. मुलीला कुठली चैन पडणार? ती बदकांमागे धावली. फोटोत तिच्या जागी थोडासा धूर आला, आणि त्याने तो पुसला नाही.

मित्रांनो, मला अजून नीटसं काही उमगलेलं नाही. काचा जरूर पुसत जा, आम्हाला मऊ कापड आवडतं. पण फोटोतला डाग पुसायला हात उचललात, तर आधी घरातल्यांना हाक मारा आणि विचारा, हे कोण उभं आहे?