डावी बाजू माझी

आमच्या आईने न्याय एकदाच केला, पण असा केला की त्याची फळं आम्ही अजून चाखतोय. लहानपणी घरात व्हिडिओ गेमचं मशीन आलं तेव्हा त्याच्याबरोबर कंट्रोलर एकच होता. त्यावरून दादा आणि मी रोज एकमेकांच्या झिंज्या उपटायचो. शेवटी एक दिवस आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच बाहेर आली, आम्हाला सोफ्यावर शेजारी शेजारी आदळलं, कंट्रोलर दोघांच्या मधे धरला आणि म्हणाली, "डावी बाजू हिची, उजवी तुझी. आवाज आला तर मशीन माळ्यावर जाईल."

डाव्या बाजूला चालवायची कांडी, उजव्या बाजूला उडी आणि तलवारीची बटणं. म्हणजे पडद्यावर माणूस एकच, पण त्याचे पाय माझे आणि हात दादाचे. गेमचं नाव 'बुडालेल्या बेटाची घंटा'. टोपी घातलेला एक खलाशी ओसाड बेटावर उतरतो, कडे चढतो, दोरांना लटकतो, दगडी राक्षसांशी लढतो आणि समुद्रात गेलेली घंटा शोधतो. त्याला काही भारदस्त नाव होतं, आम्ही बाब्या म्हणायचो. बाब्या दरीत पडला की दादा म्हणायचा, "तू जास्त चालवलंस," आणि मी म्हणायचे, "तू उडी उशिरा मारलीस." भांडण तेच राहिलं, फक्त झिंज्या वाचल्या.

पुढे मी गाडी शिकवायचे क्लास काढले आणि दादाने सलून. मला दिशा कळते, त्याला हत्यार कळतं. आईने वाटणी बरोबर केली होती असं आम्ही दोघंही मानतो, आणि आमचं एकमत होणारा हा एकमेव विषय आहे.

यंदा दादाला पॅरालिसिसचा हलका झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, चालणंही सुधारलं, डावा हात मात्र रुसला. डॉक्टर म्हणाले, वापराल तर येईल परत, नाही वापरलात तर नाही येणार. दादाने तो हात खिशात घातला आणि सलूनला कुलूप लावलं. लोकांना वाटतं केस उजवा हात कापतो. कात्री उजव्यात असते खरी, पण बटा धरायच्या डाव्याने, कंगवा फिरवायचा डाव्याने आणि बोलता बोलता गिऱ्हाइकाचं डोकं हळूच वाकवायचं तेही डाव्यानेच.

त्याची गिऱ्हाइकं त्याच्यासारखीच हट्टी, दुसरीकडे जायला तयार नाहीत. पोस्टमनचे कान दिसेनासे झाले. औषधांच्या दुकानदाराने चष्मा डोक्यावर सरकवला की तो परत सापडायची मारामार. फिजिओथेरपीच्या बाईंनी दादाला दाबायला मऊ चेंडू दिला होता, तो त्याने शेजारच्या कुत्र्याला बहाल केला.

"वन्सं, आता तुम्हीच काहीतरी करा," वहिनीचा फोन आला. "हे दिवसभर टीव्हीसमोर बसतात."

"मग बसू दे की, वहिनी."

"अहो, टीव्ही बंद असतो!"

हात गेला तर दादा डगमगेल, पण सावरेल. हा असाच बसत राहिला तर हाताबरोबर दादाही जाईल, ही भीती मला झोपू देईना.

नेमका तेव्हाच आमचा जुना गेम नव्या मशीनवर जसाच्या तसा मिळायला लागला होता. भाचा हॉस्टेलला गेल्यापासून त्याचं मशीन दादाकडे धूळ खात पडलंच होतं. मी एका दुपारी गेले, गेम चढवला, दादाच्या डाव्या हाताला बसले आणि कंट्रोलर मधे धरला. त्याचा उजवा अंगठा आपोआप बटणांवर गेला.

आणि पडद्यावर बाब्या आला. अरे देवा! माझ्या आठवणीतला बाब्या देखणा होता. त्याच्या नादाने मी पुढे दोन बऱ्या मुलांना नकार दिला होता. हा बाब्या त्रिकोणी नाकाचा, बोटं एकमेकांना चिकटलेली, आणि चेहऱ्यावर भाव असा की त्याला कुणीतरी चुकीच्या पत्त्यावर आणून सोडलंय. ज्या अफाट जंगलात आम्ही सुट्टीच्या सुट्टी हरवायचो, तिथे एकच झाड पुन्हा पुन्हा लावलेलं होतं. ज्या राक्षसाला घाबरून मी उशीत तोंड खुपसायचे, तो दिसायला कपाट होता आणि वळायलाही कपाटाइतकाच वेळ घेत होता.

"हे आपल्याला खरं वाटायचं?" दादा म्हणाला.

"तू तर याच्या स्वप्नाने किंचाळायचास."

"मी? किंचाळायचीस तू." आणि तो हसला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि लगेच काही घ्यायला आल्यासारखं करून परत गेली.

मग काय, रोज क्लास संपला की मी दादाकडे. बाब्या कडे चढला, दोरांना लटकला, कपाटं फोडली. दादा रंगात आला, जेवायला वेळेवर बसायला लागला. मी स्वतःवर भलतीच खूश होते. डॉक्टरांना जमलं नाही ते मी करून दाखवलं, असं मी दोन शिकाऊ गाडीवाल्यांना चालत्या गाडीत सांगितलंसुद्धा.

मग एक दिवस फिजिओथेरपीच्या बाई आल्या. वयाने लहान, पण नजर करडी. आम्ही त्यांना मोठ्या अभिमानाने राक्षस मारून दाखवला. त्या जरा वेळ बघत राहिल्या.

"यांचा कुठला हात अधू आहे?" त्यांनी विचारलं.

"डावा," मी म्हणाले.

"आणि डाव्या बाजूचं काम कोण करतंय?"

घरात एकच हात होता ज्याला कामाची गरज होती, आणि इतके दिवस त्याचं काम मी आवडीने करत होते. दादाचा डावा हात खिशात आरामात बसला होता. आम्हा दोघांच्याही डोक्यात हे एकदाही आलं नाही, कारण डावी बाजू माझी. आईने सांगितलं होतं.

"जागा बदला," बाई म्हणाल्या.

"नाही जमणार," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. बाई चपला घालून निघून गेल्या.

जागा बदलल्यावर जे झालं ते कुठल्याही शत्रूच्या वाट्याला येऊ नये. दादाचा अंगठा कांडीवर ठरेना. बाब्या भिंतीवर आपटला, तिथून वळून दुसऱ्या भिंतीवर आपटला. माझ्या उजव्या अंगठ्याला उडीचं बटण सापडेना, आणि बाब्या जरा जोरात चालला की माझा पाय सवयीने सोफ्याखाली ब्रेक शोधायचा. मी बाब्याच्याच मित्रावर तलवार चालवली. घोड्यावर बसायचं तिथे घोड्यावर वार केला.

"इंडिकेटर न देता वळतोस काय!" मी ओरडले.

"आणि तू दिसेल त्याला भोसकतेस काय! सलूनमधे ठेवलं तर माणसं मारशील!"

पहिल्या दिवशी त्याने कंट्रोलर टाकून दिला आणि हात परत खिशात घातला. दुसऱ्या दिवशी मी अजून आले नाही असं बघून त्याने वहिनीला विचारलं, "बुटकी कुठे मेली?" बुटकी म्हणजे मी, आणि मी दारातच होते. आले आणि बसले, उजवीकडे.

असं करत आम्ही दोरखंडाच्या पुलाशी पोचलो. हा पूल भलता अवघड. कांडी अगदी थोडी, एकसारखी पुढे दाबून धरायची. जास्त दाबली तर पूल हलतो, सोडली तर बाब्याचा तोल जातो. शेवटी एक फळी तुटलेली, तिथे उडी. उडीचं काम माझं.

दादा पुढे सरकून बसला. बाब्या पुलावर चढला आणि चालू लागला. एक एक पाऊल टाकत. पूल हलला नाही. खाली समुद्र गरजत होता, दादा श्वास रोखून पडद्याकडे बघत होता. तुटलेली फळी आली आणि बाब्या तिच्यातून सरळ खाली गेला.

"उडी!" दादा केवढ्याने ओरडला. "उडी कुणी मारायची? शेजाऱ्यांनी? इतका जीव मुठीत धरून आणला मी त्याला! लक्ष कुठे होतं तुझं?"

"तुझ्या अंगठ्याकडे," मी म्हणाले.

दादाने खाली बघितलं. बाब्या केव्हाच समुद्राच्या तळाशी गेला होता, पण दादाचा डावा अंगठा अजून कांडी धरून होता. थोडी, एकसारखी, पुढे. तो अजून चालवतच होता.

मला हुंदका आवरेना.

"रडतेस काय, बुटके," दादा म्हणाला. "परत लाव. आणि या वेळी पडद्याकडे बघ."